नाव समाजाचे, ताबा कोणाचा?

आमच्या तालुक्याच्या गावी विहाराला लागून एक वाचनालय आहे. वीसेक वर्षांपूर्वी वस्तीतल्या चार-पाच पोरांनी पदरमोड करून त्या वाचनालयाचे संकेतस्थळ काढले. त्यावर जुन्या जयंती स्मरणिका होत्या, वसतिगृहाच्या प्रवेशाची माहिती होती, नामांतराच्या लढ्यात तुरुंगात गेलेल्या आमच्या म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती होत्या. पोटासाठी मुंबई-पुण्याला, आखातात गेलेली पोरे तिथे जाऊन गावची जयंती पाहत असत. तो पत्ता आम्ही पावती पुस्तकावर छापला, विहाराच्या फलकावर रंगवला. गेल्या वर्षी एका मुलीने वसतिगृहाचा अर्ज पाहायला तो पत्ता उघडला, तर समोर ऑनलाईन जुगाराची जाहिरात! मुलगी फलकाखाली उभी राहून आम्हाला विचारत होती, 'काका, हे आपलेच आहे ना?' आम्हाला उत्तर देता आले नाही.

चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. संकेतस्थळाचे नाव, म्हणजे ज्याला डोमेन नेम म्हणतात ते, ज्या कार्यकर्त्याने नोंदवले त्याने स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या ई-मेलवर नोंदवले होते. पुढे तो नोकरीसाठी परराज्यात गेला. जुना ई-मेल बंद पडला. मुदत संपत आल्याच्या सूचना त्या बंद पेटीत येत राहिल्या. पैसे कोणी भरले नाहीत. नाव मोकळे झाले आणि ते कोणा परक्याने उचलले. मंडपाच्या एका दिवसाच्या भाड्याइतकीही रक्कम नव्हती ती!

दोष त्या पोराचा नाही, हे आम्ही आधीच सांगून टाकतो. आम्ही सारे पदाधिकारी हारतुऱ्यात असताना त्याने एकट्याने ते काम केले. दोष आमचा आहे. वीस वर्षांत कार्यकारिणीच्या एकाही बैठकीत 'आपले संकेतस्थळ कोणाच्या नावावर आहे?' असा प्रश्न आम्ही विचारला नाही. वाचनालयाची जागा कोणाच्या नावावर आहे, हे आम्ही दर वर्षी उतारा काढून पाहतो. इंटरनेटवरच्या जागेचा उतारा पाहायचे कधी सुचले नाही. हे आमच्या एका वाचनालयाचे झाले. पण आपल्या किती मंडळांची, शिक्षणसंस्थांची, संघटनांची हीच गत आहे, हे वाचकांनी आपापल्या ठिकाणी तपासून पाहावे.

पहिली गोष्ट अशी की डोमेन नेम कायमचे विकत मिळत नाही. ते भाडेपट्ट्याने मिळते. किमान एक वर्ष, एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षे. 'डॉट कॉम', 'डॉट ऑर्ग', 'डॉट इन' अशा प्रत्येक शेपटासाठी एक मूळ दप्तर असते, त्याला रजिस्ट्री म्हणतात. 'डॉट इन'चे दप्तर निक्सी या भारतीय संस्थेकडे आहे आणि २००५ पासून ते सर्वसामान्यांना खुले झाले. या दप्तरात नोंद करून देणाऱ्या कंपन्या म्हणजे रजिस्ट्रार. आणि ज्याच्या नावाने नोंद होते तो नोंदणीदार. सगळा खेळ या तिसऱ्या रकान्यात आहे. पैसे कोणी भरले, मेहनत कोणी केली, नाव कोणत्या संस्थेचे आहे, हे दप्तर विचारत नाही. नोंदणीदाराच्या रकान्यात ज्याचे नाव, ताबा त्याचा.

दुसरी गोष्ट, नाव आणि जागा या दोन वेगळ्या वस्तू आहेत. संकेतस्थळाची पाने जिथे ठेवतात ती जागा, म्हणजे होस्टिंग, ही भाड्याची खोली. डोमेन ही दारावरची पाटी. खोली बदलली तरी पाटी नेता येते. पाटी गेली तर खोलीत कितीही सामान असले तरी कोणाला घर सापडत नाही. गावातला संगणकवाला 'सगळे मिळून पाच हजार' असे पॅकेज देतो, तेव्हा बहुतेक वेळा पाटी स्वतःच्या खात्यात ठेवतो. पुढे त्याच्याशी वाद झाला, त्याने दुकान बंद केले, की पाटी त्याच्यापाशी अडकते. म्हणून पॅकेज घ्या, पण डोमेनचे खाते संस्थेचे वेगळे उघडा.

मुदत चुकली तर काय होते? 'डॉट कॉम', 'डॉट ऑर्ग' अशा नावांसाठी इकॅन या आंतरराष्ट्रीय संस्थेचा नियम आहे की रजिस्ट्रारने मुदतीच्या साधारण एक महिना आधी, एक आठवडा आधी आणि मुदत संपल्यावर पाच दिवसांच्या आत अशा सूचना पाठवल्या पाहिजेत. त्यानंतरही काही दिवसांची सवलत मिळते. ती रजिस्ट्रारप्रमाणे कमी-जास्त असते. मग नाव दप्तरातून काढायला जाते, तेव्हाही तीस दिवस जबर दंड भरून ते सोडवता येते. शेवटचे पाच दिवस काहीच करता येत नाही आणि मग ते जगाला मोकळे होते. अशी मोकळी नावे टिपणारे लोक संगणक लावून बसलेले असतात. जुन्या नावाला वर्षानुवर्षांचे वाचक असतात, म्हणून जुगारवाल्यांना ते हवे असते. एकदा गेलेले नाव परत मिळवायचे तर तक्रारीची सोय आहे, पण तिथे नावावरचा हक्क आणि समोरच्याची बदनियत दोन्ही सिद्ध करावी लागतात. जिनिव्हाच्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे साध्या तक्रारीचे शुल्कच १,५०० डॉलर आहे. हजार रुपये वाचवून लाखाचा खड्डा तो हाच!

आता नाव निवडायचे कसे? बाबासाहेबांनी आपल्या पत्रांना नावे कशी दिली ते पाहा. १९२० साली 'मूकनायक', १९२७ साली 'बहिष्कृत भारत', १९३० साली 'जनता', १९५६ साली 'प्रबुद्ध भारत'. दोन शब्दांच्या पुढे एकही नाव गेले नाही. आणि आपण? 'अखिल भारतीय' पासून सुरू करून 'बहुउद्देशीय सेवाभावी संस्था, मर्यादित' पर्यंत सगळे रोमन लिपीत सलग जोडतो. ते कोणाला फोनवर सांगता येत नाही आणि ऐकणाऱ्याला टंकता येत नाही.

मराठी नाव रोमन लिपीत लिहिताना आणखी एक अडचण येते. 'मूकनायक' मधला 'मू' कोणी एम ओ ओ लिहितो, कोणी एम यू. 'प्रबुद्ध'मध्ये डी एक की दोन? 'ज्ञान' डी एन वाय ने की जी वाय ने? 'जय' जे ए आय की जे ए वाय? म्हणून नाव नोंदवण्याआधी एक सोपी परीक्षा घ्यावी. वस्तीतल्या पाच जणांना, त्यांत एक शाळकरी पोर आणि एक म्हातारी बाई असावी, नाव फोनवरून सांगावे आणि लिहून घ्यावे. पाचांनी तीन तऱ्हेने लिहिले तर ते नाव सोडावे, नाहीतर दोन्ही-तिन्ही लेखने नोंदवून एकाच जागी वळवावीत. मधली आडवी रेघ आणि आकडे टाळावेत, ते ऐकताना कळत नाहीत. नावात अध्यक्षांचे आडनाव नको, चालू साल नको, गटाचे नाव तर नकोच नको. गट किती टिकतात, हे आम्ही वाचकांना सांगायला नको! बाबासाहेबांचे नाव हजारो संस्थांना आहे, म्हणून त्याला गावाचे किंवा कामाचे नाव जोडावे, म्हणजे घोटाळा होणार नाही.

शेपूट कोणते घ्यावे? 'डॉट ऑर्ग' पूर्वीपासून ना-नफा संस्थांसाठी ओळखले जाते, जरी ते कोणालाही मिळते. ते दप्तरही २०१९ साली एका खासगी गुंतवणूक कंपनीला विकायला काढले होते. जगभरच्या संस्थांनी विरोध केला आणि एप्रिल २०२० मध्ये इकॅनने परवानगी नाकारली. सार्वजनिक गोष्टीवर पहारा ठेवावा लागतो, हे तिथेही खरे ठरले. भारतातल्या कामासाठी 'डॉट इन' चांगले आणि सहसा स्वस्त. २०१४ पासून देवनागरीतले 'डॉट भारत' मिळते, त्यात मराठीत सरळ आपले नाव लिहिता येते. ते जरूर घ्यावे. पण सगळीकडचे ई-मेल आणि अर्ज असा पत्ता अजून स्वीकारत नाहीत, म्हणून ते जोडनाव ठेवावे. फुकटच्या मागे मात्र लागू नये. 'डॉट टीके'सारखी नावे फुकट वाटणाऱ्या कंपनीने २०२३ साली नवी नोंदणी बंद केली आणि पुढे तो धंदाच सोडला. फुकट घेणाऱ्यांच्या हाती हक्काचे काही उरले नाही.

काही तरुण मित्र म्हणतील, 'आता कोण संकेतस्थळ पाहतो? फेसबुकवर पान आहे, व्हॉट्सॲपवर गट आहे, यूट्यूबवर चॅनल आहे.' असू द्या. आम्हीही ते वापरतो. पण ती दुसऱ्याच्या वाड्यातली ओसरी आहे. जिओसिटीज २००९ साली बंद झाले, ऑर्कुट २०१४ साली बंद झाले आणि त्यावर आपल्या पोरांनी जमवलेले किती फोटो, किती लेख, किती वाद-चर्चा गेल्या, त्याचा हिशेब कोणी ठेवला? वाडेवाल्याला वाटले की तो ओसरी झाडून घेतो. 'मूकनायक'ची जाहिरात रोख पैसे देऊनही छापायला 'केसरी'ने नकार दिला होता, हा इतिहास या पानाच्या वाचकांना ठाऊक आहे. त्यावर बाबासाहेब रुसून बसले नाहीत. त्यांनी आपली पत्रे चालवली आणि भारतभूषण छापखाना उभा केला. आजच्या काळात स्वतःच्या नावाची, स्वतःच्या ताब्याची पाटी ही त्या छापखान्याची पहिली वीट आहे. ओसरीवर जरूर बसा, पण घराचा पत्ता आपला असू द्या.

तेव्हा करायचे काय? आम्ही ठेच खाऊन जे शिकलो ते सांगतो. कार्यकारिणीत ठराव करा, डोमेन संस्थेचे आहे असे इतिवृत्तात लिहा. नोंदणीदार म्हणून संस्थेचे नोंदलेले नाव टाका. खात्याला संस्थेचा ई-मेल द्या, पण तो त्याच डोमेनवरचा नको. डोमेन बंद पडले की तो ई-मेलही बंद पडतो आणि सूचना पुन्हा हरवतात. मोबाईल नंबर एकाच माणसाच्या खिशातला नको. पासवर्ड सचिव आणि कोषाध्यक्ष या दोघांकडे असावा, एक प्रत लखोट्यात संस्थेच्या कपाटात असावी. नोंदणी एकदम पाच किंवा दहा वर्षांची करा. पहिल्या वर्षाच्या स्वस्ताईला भुलू नका, नूतनीकरणाचा दर आधी विचारा. 'तुमचे नाव जात आहे, लगेच पैसे भरा' असे कोणाचेही पत्र आले तर आपल्याच खात्यात जाऊन तारीख पाहा. फसवणारेही याच तारखांवर टपलेले असतात.

आणि पदाधिकारी बदलले की हे खातेही बदला. विश्वस्त बदलले की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे आपण धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज देतो. त्याच दिवशी डोमेनचाही ताबा नव्या माणसांकडे द्या आणि तशी नोंद करा. संस्थेत वाद झाला, दोन गट पडले, तर ठराव आणि नोंद ज्यांच्याकडे आहे त्यांना निदान बोट ठेवायला जागा राहील. आज अशा वादात खात्याची किल्ली ज्याच्या हाती तोच मालक होतो आणि समाजाच्या वर्गणीतून उभे राहिलेले सारे एका माणसाच्या रागलोभावर लटकते.

नावाची किंमत या चळवळीला दुसऱ्या कोणी शिकवावी लागत नाही. मराठवाड्यातील विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात झाला आणि नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या सोळा वर्षांत घरे जळाली, पोचिराम कांबळे, गौतम वाघमारे यांच्यासारख्या माणसांनी प्राण दिले. एका पाटीवर एक नाव यावे म्हणून ज्या समाजाने एवढे सोसले, त्याच समाजाच्या संस्थांनी आपल्या नावाची पाटी वर्षाच्या हजारभर रुपयांसाठी आणि एका विसरलेल्या ई-मेलसाठी जुगारवाल्याच्या हाती जाऊ द्यावी? डीजेच्या एका रात्रीत आपण किती पैसे उडवतो!

आमच्या वाचनालयाने आता नवे नाव नोंदवले आहे, दहा वर्षांसाठी, संस्थेच्या नावावर. जुन्या मुलाखतींपैकी निम्म्याच एका कार्यकर्त्याच्या घरच्या सीडीवर सापडल्या. बाकीच्या गेल्या आणि त्या सांगणारी माणसेही आता राहिली नाहीत. विहाराच्या फलकावरचा जुना पत्ता आम्ही स्वतःच्या हाताने खरवडला. ते काम सोपे नव्हते. वाचकांवर ती वेळ येऊ नये एवढ्यासाठी हा लेखप्रपंच. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर एक ओळ टाका: 'संस्थेचे डोमेन कोणाच्या नावावर आहे व मुदत कधी संपते?' उत्तर कोणालाच देता आले नाही तर बैठक तिथेच थांबवा आणि आधी ते शोधा.

जय भीम!