भिंत मालकाची, चित्र कोणाचे?

भिंतीवर चित्रे काढून उदरनिर्वाह करणाऱ्या चित्रकाराला सहसा दोन ठिकाणची कामे मिळतात. एक मैदानाची भिंत: क्लबाचे, शाळेचे किंवा पंचायतीचे कुंपण; त्यावर झेपावणारा गोलरक्षक, चेंडूमागे धावणारे पाय, जल्लोष करणारे प्रेक्षक. दुसरी घराची भिंत: दिवाणखान्यातील माडांची रांग, देवघरालगतची वेलबुट्टी, होमस्टेच्या पडवीतील जुन्या पणजीचे दृश्य. मोबदला बहुधा चौरस फुटाच्या दराने ठरतो, थोडी रक्कम आगाऊ मिळते, उरलेली काम संपल्यावर हाती पडते आणि व्यवहार तोंडीच पुरा होतो. पुढे त्या चित्राचे काय होते, हा प्रश्न कोणी विचारत नाही. मात्र भिंतीवरची चित्रे समाजमाध्यमांवर, जाहिरातींत आणि पर्यटनाच्या पत्रकांत झळकू लागल्यापासून हाच प्रश्न चित्रकाराच्या मिळकतीचा आणि मानाचा झाला आहे.

गोव्याला भिंतीवरची कला नवी नाही. चुन्याच्या ओल्या गिलाव्यावर तांबूस कावेचा थर देऊन तो कोरायचा आणि खालचा पांढरा चुना नक्षी म्हणून उघडा करायचा, ही कावी कला गोव्यासह कोकण आणि कारवार किनाऱ्यावरील देवळांत व जुन्या घरांत आजही पाहायला मिळते. ती करणाऱ्यांची नावे मात्र क्वचितच सापडतात. देऊळ यजमानाचे, घर मालकाचे आणि हात कारागिराचा, अशी ती वाटणी होती. आजच्या भित्तिचित्रकाराचा व्यवहार याच जुन्या वळणाने चालतो. फरक इतकाच की, त्या काळी चित्र भिंतीवरून हलत नव्हते. आज मोबाइलने टिपलेले चित्र क्षणात जगभर जाते आणि त्यावर दुसराच कोणी पैसे कमावू शकतो.

कायदा याबाबत काय सांगतो? भारताच्या 1957 च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार कलाकृतीचा पहिला मालक तिचा कर्ता असतो. परंतु कलम 17 मध्ये एक अपवाद आहे आणि भित्तिचित्रकाराच्या दृष्टीने तोच कळीचा आहे. कोणी मोबदला देऊन चित्र काढून घेतले आणि त्याविरुद्ध करार नसेल, तर स्वामित्वहक्काचा पहिला मालक पैसे देणारा ठरतो. शासनाच्या आदेशाने झालेल्या कामालाही वेगळा करार नसल्यास असाच नियम लागू होतो. म्हणजे तोंडी व्यवहार करणारा चित्रकार आपले श्रम विकतो आणि नकळत त्या चित्राच्या पुढील सर्व उपयोगांवरही पाणी सोडतो. घरमालकाने तीच वेलबुट्टी उशांच्या अभ्र्यांवर छापून विकली, तर चित्रकाराला हिस्सा मागण्यास फारसा आधार उरत नाही.

एक हक्क मात्र पैसे देणाऱ्याकडे जात नाही. कलम 57 नुसार कृतीचे कर्तेपण सांगण्याचा आणि आपल्या लौकिकाला बाधा येईल अशी तिची मोडतोड झाल्यास दाद मागण्याचा अधिकार कर्त्याकडेच राहतो. या कलमाला धार आणली ती शिल्पकार अमरनाथ सेहगल यांच्या खटल्याने. दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी त्यांनी सुमारे 140 फूट लांबीचे कांस्य भित्तिशिल्प घडवले होते. 1979 मध्ये ते उतरवून कोठारात टाकण्यात आले आणि त्यात त्याची हानी झाली. दीर्घ लढ्यानंतर 2005 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पाचे अवशेष त्यांना परत करण्याचा आणि 5 लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश केंद्र सरकारला दिला.

तथापि हा आधार सर्वत्र पुरेसा नाही. प्रगती मैदानातील ‘हॉल ऑफ नेशन्स’ 2017 मध्ये पाडण्यात आल्यावर वास्तुविशारद राज रेवाल यांनी याच कलमाखाली दाद मागितली. 2019 मध्ये त्याच न्यायालयाने जमीनमालकाचा हक्क वरचढ मानला. वास्तू आणि चित्र एक नव्हेत, हे खरे. तरीही घरमालकाने पुढच्या रंगकामात सबंध चित्रावर रंग फिरवला, तर केवळ कलम 57 च्या बळावर त्याला रोखणे अवघड आहे, असा अर्थ यातून निघतो. अर्धे चित्र पुसून उरलेल्यात वेडीवाकडी भर घालणे ही गोष्ट मात्र वेगळी. तिथे चित्रकाराची बाजू बळकट आहे.

रस्त्यावरून दिसणाऱ्या भिंतीबद्दल आणखी एक गैरसमज आहे. जे सर्वांना दिसते त्याचे छायाचित्र कोणीही कशासाठीही वापरावे, असे अनेकांना वाटते. सार्वजनिक जागी कायम असलेल्या शिल्पांच्या आणि हस्तकौशल्याच्या कृतींच्या छायाचित्रांना कायद्याने मोकळीक दिली आहे. रंगचित्राचा उल्लेख त्या तरतुदीत नाही. मुंबईतील एका भित्तिचित्राचा एका विमा कंपनीने जाहिरातीसाठी उपयोग केला, तेव्हा 2023 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन समाजमाध्यमांवरील तो मजकूर काढायला लावला. पर्यटकाने भिंतीसमोर उभे राहून फोटो काढणे आणि कंपनीने त्या भिंतीवर आपला माल खपवणे यांतील भेद न्यायालयाने ओळखला. याचा लाभ ज्याच्याकडे स्वामित्वहक्क आहे त्याला मिळतो. म्हणून गाडी पुन्हा करारापाशीच येते.

मैदानाच्या भिंतीवर प्रश्न उलट्या दिशेने येतो. इथे चित्रकाराचा हक्क कोण घेतो यापेक्षा चित्रकार इतरांचा हक्क घेतो का, हे विचारले जाते. अमेरिकेत डॅनिएल मूर हे चित्रकार 1979 पासून अलाबामा विद्यापीठाच्या अमेरिकी फुटबॉल सामन्यांतील प्रसंग रंगवत आले. खेळाडूंच्या गणवेशाचे रंग ही आपली व्यापारचिन्हे आहेत, असे म्हणत विद्यापीठाने 2005 मध्ये त्यांच्यावर दावा लावला. 2012 मध्ये अपील न्यायालयाने चित्रे, त्यांच्या छापील प्रती आणि दिनदर्शिका यांबाबत मूर यांच्या बाजूने कौल दिला. सामन्याचे खरे दृश्य दाखवायचे तर गणवेशाचे रंग येणारच, हा त्यामागील साधा व्यवहार होता. त्याआधी 2003 मध्ये गोल्फपटू टायगर वूड्स यांच्या चित्रावरून रिक रश या चित्रकारावर झालेला दावाही असाच फेटाळला गेला.

भारतातही वारे साधारण त्याच दिशेने आहे. क्रिकेटपटूंच्या चित्रांवरून झालेल्या एका वादात दिल्ली उच्च न्यायालयाने 2023 मध्ये म्हटले की, प्रसिद्ध व्यक्तींची नावे व प्रतिमा कला, विडंबन, वार्ता अशा कामांसाठी वापरणे अभिव्यक्तिस्वातंत्र्यात बसते. म्हणून गावच्या क्लबाच्या भिंतीवर लाडक्या खेळाडूचे चित्र काढणाऱ्याने धास्ती घेण्याचे कारण नाही. सावध राहायचे ते दोन ठिकाणी. वृत्तपत्रातील छायाचित्र जसेच्या तसे भिंतीवर उतरवले, तर त्या छायाचित्राचा हक्कदार हरकत घेऊ शकतो. आणि क्लबाचे बोधचिन्ह किंवा स्पर्धेचा शुभंकर, जसा 2023 च्या गोव्यातील राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेचा ‘मोगा’ हा गवा, व्यापारी कामात वापरायचा तर परवानगी हवी. प्रसंग सर्वांचा असतो. त्याची विशिष्ट प्रतिमा कोणाची तरी असते.

हाच विवेक मारिओ मिरांडा यांच्या बाबतीतही लागू आहे. लोटलीच्या या चित्रकाराची माणसे गोव्याच्या घराघरांत, खानावळींत आणि पणजीच्या बाजारातही दिसतात. त्यांचे निधन डिसेंबर 2011 मध्ये झाले. कलाकृतीवरील हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतो, म्हणजे त्यांच्या चित्रांवर 2071 अखेरपर्यंत कोणाचा तरी हक्क आहे. त्यांच्या धाटणीने प्रेरित होऊन नवे चित्र काढणे वेगळे आणि त्यांचेच चित्र दिवाणखान्याच्या भिंतीवर उतरवून त्याचे पैसे घेणे वेगळे. घरमालक हौसेने मागणी करतो. पण नाही म्हणण्याची जबाबदारी चित्रकाराची आहे. आपल्या रेषेला मान हवा असेल, तर दुसऱ्याच्या रेषेलाही तो द्यावा लागतो.

उपाय महागडा नाही. पाचच गोष्टी एका कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात: स्वामित्वहक्क चित्रकाराकडे राहील की मालकाकडे जाईल, मालक छायाचित्रे कुठे वापरू शकेल, भिंतीच्या कोपऱ्यात चित्रकाराचे नाव राहील, चित्र पुसण्यापूर्वी त्याला कळवले जाईल, आणि पावसाने खराब झाल्यास दुरुस्ती कोण, किती दराने करील. वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या या प्रदेशात बाहेरच्या भिंतीवर शेवाळ चढणार, रंग सुटणार, हे गृहीतच आहे. दुरुस्तीचा दर आधी ठरला नाही, तर ते काम बहुधा स्वस्तात मिळणाऱ्या रंगाऱ्याकडे जाते आणि खेळाडूचा चेहरा ओळखू येईनासा होतो.

सुरुवात शासनानेच करायला हवी. क्रीडा, पर्यटन व कला-संस्कृती ही खाती आणि पालिका, पंचायती भिंती रंगवून घेतात तेव्हा निविदेत रंगाचा दर्जा आणि क्षेत्रफळ यांसोबत चित्रकाराच्या नावाची आणि हक्काची अटही घालता येईल. त्यासाठी नवा कायदा नको. कलम 17 मध्येच विरुद्ध कराराला वाव आहे. शासनाने असा नमुना रूढ केला, तर खासगी घरमालकालाही तो परका वाटणार नाही. कावी कोरणाऱ्या हातांची नावे लिहून ठेवायचे राहून गेले. आजच्या हातांच्या बाबतीत तसे होऊ नये, यासाठी एक कागद आणि दोन सह्या पुरेशा आहेत.