व्रत नव्हे, वाट हवी

अलीकडे शहरोशहरी एक नवा उत्सव सुरू झाला आहे. वर्षातून एखाद्या रविवारी पहाटे पुढारी, अधिकारी आणि प्रतिष्ठित नागरिक सायकलींवर बसतात, वसुंधरा वाचविण्याच्या घोषणा होतात, छायाचित्रे निघतात आणि उन्हे चढण्यापूर्वी मंडळी मोटारींतून घरी परततात. सोमवारी त्याच रस्त्यावरून कामावर निघालेला सायकलस्वार मालमोटारीच्या चाकाजवळून जीव मुठीत धरून जात असतो. त्याच्याकडे मात्र कोणी ढुंकून पाहत नाही. एकादशीला फराळाचे ताट सजवून उपवासाचे पुण्य मिरविण्यासारखाच हा प्रकार होय. आमचा आक्षेप सायकलीवर नाही. तिचे व्रत सांगून तिची वाट बुजविणाऱ्या ढोंगावर आहे.

सायकलीने हवामानाचे रक्षण होते काय? हिशेब सरळ आहे. एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत मिसळतो. 2019 साली जगातील हरितगृह वायूंच्या एकूण उत्सर्जनापैकी सुमारे 15 टक्के वाहतुकीचे होते. शहरातील शाळा, बाजार, कचेरी आणि देऊळ यांच्या कित्येक खेपा चार-पाच किलोमीटरांच्या आतल्या असतात. तेवढ्यासाठी हजार किलोंचे लोखंड हलवून साठ किलोंचा माणूस पोहोचविणे हा व्यवहार नव्हे, उधळपट्टी आहे. विजेच्या मोटारीने हा प्रश्न सुटेल म्हणणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. देशातील बहुतांश वीज अद्याप कोळशापासून होते. आणि विजेची मोटारही पेट्रोलच्या मोटारीइतकाच रस्ता अडविते.

आता हे रक्षणाचे कार्य आजवर कोणी केले? 2011 च्या जनगणनेप्रमाणे शेती व घरगुती उद्योग वगळता इतर काम करणाऱ्यांपैकी अडीच कोटींहून अधिक लोक सायकलीने कामावर जात होते. स्कूटर-मोटारसायकलवाल्यांहून ही संख्या किंचित अधिकच होती. गवंडी, पहारेकरी, गिरणीतला मजूर यांनी घोषणेवाचून हवा स्वच्छ राखली, आणि त्याचे बक्षीस म्हणून आपण त्यांना रस्त्याच्या कडेच्या गटारात लोटले.

राज्यघटनेतील 48-अ हे कलम पर्यावरणाचे रक्षण राज्याकडे सोपविते. 51-अ तेच नागरिकाचे कर्तव्य ठरविते. दोन्ही कलमे 1976 च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने एकाच वेळी आली. त्यांतील दुसऱ्याचा पाठ नागरिकाकडून म्हणवून घ्यावयाचा आणि पहिले स्वतः विसरावयाचे, हा न्याय नव्हे. अशक्य गोष्ट करावयास कायदा कोणास भाग पाडीत नाही, हे न्यायशास्त्रातील जुने सूत्र आहे. ज्या रस्त्यावर सायकल चालविणे जिवावरचे आहे, तेथे सायकलीचा उपदेश करणे हा त्या सूत्राचा भंगच होय. माळढोक पक्ष्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2024 साली हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क घटनेच्या 14 व 21 या कलमांत असल्याचे मानले. हक्क मानला गेला. वाट कोठे आहे?

कागदावर ती केव्हाच आखली गेली. 2006 च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहनांपेक्षा माणसांची ने-आण महत्त्वाची मानली. सायकलमार्गावर मोटार घालण्यास 1989 च्या रस्ता-नियमावलीनेच मनाई केली होती. सायकलींचे शहर म्हणून गाजलेल्या पुण्यात बीआरटीच्या रस्त्यांलगत सायकलमार्ग बांधले गेले आणि 2017 साली सर्वंकष सायकल आराखडाही मंजूर झाला. तरी त्या मार्गांवर आज कोठे खांब, कोठे हातगाडी, कोठे उभी केलेली मोटार! नियम आहे, पण दंड नाही. आणि दंडावाचून नियम म्हणजे मूर्तीवाचून गाभारा.

"ही हॉलंडची संस्कृती, आपली नव्हे," असे म्हणणारांनी इतिहास पाहावा. हॉलंडातही मोटारींनी सायकलींना हुसकावले होते. 1971 साली तेथे रस्त्यांवर चारशेहून अधिक मुले बळी पडली. आईबाप रस्त्यावर उतरले, 1973 चे तेलसंकट आले, आणि मग मार्ग बांधले गेले. संस्कृती वाटेमागून आली. आणि आपली संस्कृती तरी कोणती? ज्या बेळगावात 1888 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलींचे दुकान काढले, तेथील माणसास सायकल परकी कशी? ऊन आहे, हे खरे. ते झाडे लावण्याचे कारण आहे, झाडे तोडून रस्ते रुंद करण्याचे नव्हे. गोव्यातील चढणींवर वृद्धांनी सायकल हाकावी, असेही कोणी म्हणत नाही. जो हाकू शकतो त्याचा मार्ग अडवू नका, एवढेच म्हणणे आहे.

शेवटी आपल्या देवस्थानांविषयी. पंढरीच्या वाटेवर पायी चालणे हीच भक्ती मानणारा आपला समाज आज देवळाचे प्रांगण मोटारींसाठी मोकळे करून देतो, आणि सायकलवाल्यास मात्र कुंपणाबाहेर जागा शोधावी लागते. महाजनांनी व विश्वस्तांनी येत्या जत्रेपूर्वी महाद्वाराशी सर्वांत जवळची जागा सायकलींसाठी राखावी, मोटारी दूर उभ्या कराव्यात, आणि देवळाकडे येणाऱ्या रस्त्यावर सायकलमार्ग आखून तो मोकळा ठेवण्याची लेखी मागणी नगरपालिकेकडे करावी. देवाच्या दारी आधी कोणी पोहोचावे, हे मोटारीच्या किमतीवरून ठरू नये.