भिंतीवरची दिली, उशाखालची ठेवली

बंदुकांचा शौक असलेले गृहस्थ सत्तरीच्या घरात पोचले की त्यांच्या मनात आवराआवरीचा विचार घोळू लागतो. गुडघे साथ देत नाहीत, नेमबाजीच्या मैदानावर जाणे सुटते, नळीला तेल द्यायला घेतले तर हात थरथरतो, आणि परवान्याच्या नूतनीकरणासाठी कचेरीच्या बाकावर ताटकळण्याचे त्राण उरलेले नसते. मग एक दिवस कपाट उघडून ‘यांतल्या काही आता काढून टाकू’ असे ते ठरवतात. हा विचार स्तुत्य आहे. आमचा वाद त्याच्या पुढच्या पायरीशी आहे. काढायच्या कोणत्या आणि ठेवायच्या कोणत्या, हे ठरवताना भली जाणती माणसेही नेमकी उलटी निवड करतात व त्या निवडीला ‘व्यवहार’ असे भारदस्त नाव देतात. आजोबांची ठासणीची बंदूक, वडिलांची दुनळी या लांब नळीच्या वस्तू आधी विक्रीला निघतात. उशाशी किंवा कपड्यांच्या घडीखाली ठेवलेले रिव्हॉल्व्हर मात्र अखेरपर्यंत घरातच राहते. आमचे म्हणणे असे की, विकायचेच असेल तर ते रिव्हॉल्व्हर सर्वांत आधी विकले पाहिजे.

आपल्या समाजात बंदुका आहेत तरी कोणाकडे, असे एखादा वाचक विचारील. गोव्यातल्या जुन्या भाटकारांच्या घरी तो गेला असेल, तर दिवाणखान्यात येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीपासून हातभर अंतरावर खुंट्यांना टांगलेली दुनळी त्याने पाहिली असेल. सत्तरी, दोडामार्ग, सावंतवाडी या पट्ट्यात रानडुकरे व माकडे यांच्यापासून भात, नारळ, केळी राखण्यासाठी बाळगलेल्या बंदुका आहेत. सैन्यातून निवृत्त होऊन आलेले अधिकारी आहेत, मुंबई-पुण्याच्या रायफल क्लबांत तरुणपण घालवलेले नेमबाज आहेत, आणि केवळ सुंदर घडणीच्या लोभाने एकेक वस्तू जमवणारे शौकीनही आहेत. संख्येने ही मंडळी थोडी आहेत. पण एकेका घरात ही वस्तू असली म्हणजे काय काय प्रश्न उद्भवतात, त्याला संख्येचे मोजमाप लागत नाही.

यांतल्या बहुतेक जुन्या बंदुका बर्मिंगहॅम व लंडन येथे घडलेल्या. काळा घोड्याजवळच्या आर्मी अँड नेव्ही स्टोअर्ससारख्या दुकानांतून साहेब लोक आणि त्यांच्या पंगतीला बसणारे आपले जमीनदार त्या घेत. शिकार हा तेव्हा प्रतिष्ठेचा भाग होता. पुढे १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीची उरलीसुरली दारेही जवळजवळ बंद झाली, आणि ते योग्यच झाले. तथापि शिकार संपली म्हणून बंदूक घरातून गेली नाही. बाप वारला की परवाना मुलाच्या नावे झाला, आणि ज्या वस्तूला काम उरले नव्हते ती घराण्याची खूण म्हणून भिंतीवर चढली.

कायद्याने या संग्रहांना दोनदा कात्री लावली. १९८३ च्या दुरुस्तीने एका माणसाने तीनपेक्षा अधिक बंदुका ठेवू नयेत असे ठरले. २०१९ च्या डिसेंबरात ही मर्यादा दोनवर आली. मूळ विधेयकात तर एकच म्हटले होते. ओरड झाली तेव्हा सरकारने दोन केल्या. कोणत्या दोन ठेवायच्या हे मालकावर सोडले गेले, बाकीच्या वर्षभरात जमा करायच्या होत्या. वारशाने येणाऱ्या बंदुकाही याच दोनांत मोजायच्या, अशी पुस्ती त्याला जोडलेली आहे. क्लबच्या सभासदांची सरावाची .२२ ची रायफल तेवढी या मोजणीतून सुटली. ते वर्ष कोणते होते, हे वाचकांना आठवत असेलच. २०२० साली पासष्टीपुढच्या माणसांनी उंबरठा ओलांडू नये म्हणून सरकार बजावत होते, आणि त्याच सरकारचा कायदा त्याच माणसांना बंदूक घेऊन पोलीस ठाण्याची पायरी चढायला सांगत होता.

असो. त्या वर्षी ज्यांनी निवड केली आणि आज जे स्वखुशीने संग्रह कमी करीत आहेत, त्या दोघांचे गणित एकच असते. परदेशी बनावटीच्या पिस्तुल-रिव्हॉल्व्हरांची आयात सामान्य नागरिकांसाठी १९८० च्या दशकात बंद झाली. तेव्हापासून वेब्ली अँड स्कॉटसारख्या नावाचे जुने रिव्हॉल्व्हर लाखांच्या भाषेत बोलले जाते. उलट बारा बोअरच्या दुनळीला विक्रेता नाक मुरडतो, कारण घेणाऱ्यालाही दोनचीच मर्यादा आहे आणि त्या दोन जागांत तो लांब, जुनी, शिकारीविना रिकामी बसलेली बंदूक कशाला घेईल? यावरून आमचे गृहस्थ असा निष्कर्ष काढतात की स्वस्त ते द्यावे व महाग ते ठेवावे. आम्ही विचारतो, ज्याला पैसा हवा म्हणून तो विकायला निघाला, त्याने ज्या वस्तूला किंमत आहे तीच घरात ठेवून जिला किंमत नाही ती फुंकून टाकावी, हा कोणत्या गावचा व्यवहार? खरे कारण पैसा नव्हेच. खरे कारण असे की, दुनळी गेली तर दिवाणखान्याची एक भिंत ओकी होते, पण रिव्हॉल्व्हर गेले तर माणसाला आपण म्हातारे झालो असे वाटते. ते जोवर उशाशी आहे तोवर तो कर्तासवरता. ही भावना आम्हाला कळते. तिला ‘संरक्षण’ म्हणू नये, एवढीच आमची विनंती आहे.

संरक्षणाचा दावा मात्र मोठ्या आवाजात केला जातो, म्हणून त्याचा समाचार घेणे भाग आहे. मुले परदेशी, बंगला मोठा, शेजार विरळ. अशा घरात दोन म्हातारी माणसे राहतात, त्यांनी काय करावे? प्रश्न खोटा नाही. पण पंचाहत्तरीच्या माणसाला अंधारात आधी चष्मा सापडावा लागतो, मग किल्ली, मग कुलूप, मग काडतुसे. एवढ्या अवधीत चोर थांबत नाही, आणि थांबलाच तर त्याला आयते हत्यार मिळते. हत्यार कुलपाबाहेर, भरून ठेवावे म्हणावे, तर सुट्टीत नातवंडे येतात, कामाला माणसे येतात. दाराला भक्कम लोखंडी जाळी, अंगणात दिवा आणि हाकेला ओ देणारा शेजारी यांनी जे साधते ते या वस्तूने साधल्याचे आमच्या तरी पाहण्यात नाही.

याहून जड गोष्ट पुढची आहे, आणि आपल्या घरांतून ती बोलली जात नाही. म्हातारपणी बंदुकीचा धोका बाहेरून येणाऱ्या माणसाला फारसा नसतो. तो घरातल्या माणसालाच असतो. जोडीदार जातो, असाध्य दुखण्याचे निदान होते, स्मृती दगा देऊ लागते, संध्याकाळी ओळखीचे घर अनोळखी वाटू लागते. अमेरिकेत २०२१ साली बंदुकीच्या गोळीने ४८,८३० माणसे मेली. त्यांतल्या २६,३२८ जणांनी ती स्वतःवर झाडून घेतली होती. त्या देशात आत्मघाताचे प्रमाण सर्वांत अधिक आहे ते पंचाहत्तरीपुढच्या पुरुषांत. इतर कोणत्याही मार्गाने निराशेच्या एका तासातून वाचलेला माणूस पुढे वर्षानुवर्षे जगलेला आढळतो. बंदूक ती संधी सहसा देत नाही. इस्राएलच्या सैन्याने २००६ साली शनिवार-रविवारी घरी जाणाऱ्या तरुण सैनिकांच्या रायफली छावणीतच ठेवून घ्यायला सुरुवात केली, आणि सैनिकांच्या आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या. सैनिकांची मने बदलली नव्हती. हात आणि हत्यार यांच्यामधले अंतर तेवढे वाढले होते. तरुणांच्या बाबतीत जे खरे ठरले ते एकाकी वृद्धाच्या बाबतीत खोटे ठरेल, असे मानायला आम्हाला कारण दिसत नाही. आणि २०१९ च्या त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच केली! सत्तरीच्या माणसाला पाच वर्षे म्हणजे किती, हे ज्याने घरात एखादा आजारी म्हातारा पाहिला आहे त्याला सांगायला नको.

कोणी म्हणेल की दुनळीनेही जीव जातो. जातो, आणि म्हणूनच भिंतीवरची निर्धोक आहे असे आम्ही म्हणत नाही. पण तिच्यात आणि रिव्हॉल्व्हरात एक भेद आहे. जुन्या बंदुकीपाशी सांगण्यासारखे काही असते. दस्त्यावर कोरलेली आद्याक्षरे, घडवणाऱ्याचे नाव, कोणत्या साली कोणाकडून आली याचा पिवळा कागद. हे सारे ती झाडता येत नसली तरी शिल्लक राहते. रिव्हॉल्व्हरातून झाडण्याची शक्ती काढून घेतली तर हाती मूठभर लोखंड उरते. शस्त्र कायद्याच्या ४५ व्या कलमात एक सोय आहे, ती फार थोड्यांना ठाऊक असते. जे शस्त्र जुनाट घडणीचे, पुराणवस्तूच्या मोलाचे अथवा मोडके आहे आणि दुरुस्ती करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही, ते बाळगायला हा कायदा आडवा येत नाही. आता ठासणीची बंदूक कायमची निकामी करणे एखाद्या शौकिनाला पाप वाटेल. आम्हाला तसे वाटत नाही. आजोबांची आठवण ठेवायची, की आजोबांच्या बंदुकीतून उद्या गोळी सुटेल याची व्यवस्था ठेवायची, एवढे ज्याने त्याने ठरवावे. मात्र हे काम परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याच्या संमतीने व लेखी नोंदीने करून घ्यावे, गावच्या लोहाराकडून नव्हे.

काही गृहस्थ यातले काहीच करीत नाहीत. ‘मुलगा आला की बघेल’ हे त्यांचे ठरलेले उत्तर. मुलगा आखातात, कॅनडात किंवा ऑस्ट्रेलियात असतो आणि येतो तो बापाच्या मातीला. परवाना माणसाच्या नावे असतो, घराच्या नावे नसतो. माणूस गेला की कपाटातली वस्तू विनापरवाना झाली. ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा केली पाहिजे. विनापरवाना बंदूक बाळगण्याला २०१९ नंतर किमान दोन व कमाल पाच वर्षांची कैद सांगितलेली आहे. नवव्या दिवसाच्या प्रार्थनेची तयारी करणाऱ्या विधवेला हे कोणी सांगितलेले असते? तिने आयुष्यात त्या कपाटाला हात लावलेला नसतो, किल्ली कोठे आहे हेही तिला माहीत नसते. वस्तुतः २०१६ च्या शस्त्र नियमांत यावर तोड दिली आहे. धारकाचे वय सत्तर झाले, किंवा बंदूक त्याच्याकडे पंचवीस वर्षे राहिली, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा तो हयात असतानाच वारसाच्या नावे परवान्याची मागणी करता येते. वारसाला ती नको असेल तर तेही तेव्हाच कळते. कित्येकदा मुलाला ती मुळीच नको असते, बाप दुखावेल म्हणून तो बोलत नसतो. हे विचारायला सत्तरावा वाढदिवस हा बरा मुहूर्त आहे.

सरकारला आम्ही मोकळे सोडू इच्छित नाही. ऑस्ट्रेलियात १९९६ साली पोर्ट आर्थर येथील हत्याकांडानंतर कायदा कडक झाला, तेव्हा तेथील सरकारने बंदी आलेल्या बंदुका रोख मोल देऊन घेतल्या. सुमारे साडेसहा लाख बंदुका जमा झाल्या आणि त्या खर्चासाठी लोकांवर एकवेळचा जादा कर बसवला गेला. आपल्याकडे तिसरी बंदूक जमा करा म्हणणाऱ्या कलमात मोबदल्याचा शब्द नाही. जमा करण्याच्या जागा सांगितल्या त्याही तीनच: पोलीस ठाणे, विक्रेता आणि सैनिकांसाठी त्यांच्या तुकडीचे शस्त्रागार. संग्रहालयाचे नाव त्यात नाही. दीडशे वर्षांपूर्वीची एखादी सुरेख बंदूक मुद्देमालाच्या खोलीत, जप्त कोयत्यांच्या व गावठी कट्ट्यांच्या ढिगात गंजत पडावी, असा हा कारभार. जिल्ह्याजिल्ह्यांत निदान एका सरकारी संग्रहालयाला अशा वस्तू पारखून स्वीकारण्याचा अधिकार द्यावा, आणि जो वृद्ध धारक आपणहून रिव्हॉल्व्हर परत करील त्याला सरकारी मूल्यांकनाने पैसे द्यावेत, अशी आमची मागणी आहे. हे पैसे जे देतील त्यांना उपकार केल्यासारखे वाटायला नको. विनापरवाना शस्त्र शोधून काढण्याला याहून अधिक खर्च येतो.

आता ज्यांनी विकण्याचे नक्की केले आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. आपल्या वापराची बंदूक दुसऱ्या परवानाधारकाला विकायची तर घेणाऱ्याचे नाव-पत्ता जिल्हाधिकाऱ्याला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवावे लागते, आणि त्यानंतर ४५ दिवस थांबावे लागते. या दीड महिन्याचा अनेकांना जाच वाटतो. आम्ही म्हणतो, त्या अवधीत घेणाऱ्याला घरी बोलवावे, त्याच्याशी बोलावे. तो लग्नाच्या वरातीत बार काढणाऱ्यांपैकी निघाला, तर पाच-पन्नास हजार कमी देणारा दुसरा गाठावा. तसे बार काढणे हा २०१९ पासून स्वतंत्र गुन्हाच आहे. आणि बंदूक दिल्यावर कपाटाच्या मागच्या खणात हात घालून पाहावे. तेथे काइनॉकची ओलसर झालेली पुठ्ठ्याची काडतुसे, ‘शक्तिमान’चे अर्धे खोके, कोणत्या हत्याराची आहेत हे कोणालाच न आठवणाऱ्या चार-सहा गोळ्या हमखास सापडतात. परवान्यावरून बंदूक उतरली की तिची काडतुसे ठेवण्याचा हक्कही उतरला. ती समुद्रात किंवा विहिरीत टाकू नयेत, ज्या विक्रेत्याकडे बंदूक जाईल त्याच्याकडेच मोजून द्यावीत आणि त्याची पावती घ्यावी. पावती परवान्याच्या पुस्तकातच ठेवावी, आणि ते पुस्तक कोठे ठेवले आहे हे पत्नीला सांगावे.