फास्ट गाडी थांबते म्हणून गाव घ्यायचं का?

दर दोन-तीन महिन्यांनी पुण्याहून किंवा बंगलोरहून कुणाचा तरी फोन येतोच. कधी जुन्या कंपनीतला ज्युनिअर, कधी मावसभावाचा मित्र. "दादा, लंडनची ऑफर आलीय. फॅमिली बरोबर येणार. राहायचं कुठे?" आणि मी काही बोलायच्या आत त्याची एक्सेल शीट उघडलेली असते. उभ्या रांगेत गावं: स्लाऊ, रेडिंग, वोकिंग, वॉटफर्ड, सेंट ऑल्बन्स, मिल्टन कीन्स. आडव्या रांगेत रकाने: गाडीला लागणारी मिनिटं, घरभाडं, पासाचे पैसे, शाळेचा शेरा. लग्नाला स्थळं बघताना पत्रिका जुळवतात तसं चाललेलं असतं, छत्तीसपैकी किती गुण जुळले ते बघायचं आणि होकार कळवायचा.

(ता. क. आधीच टाकतो: त्या गावाचं नाव रेडिंग. रीडिंग म्हणालात तर तिकीट खिडकीवरचा माणूस समजून घेतो, पण गालातल्या गालात हसतो.)

तक्ता वाईट नसतो. मीही असा तक्ता केला होता, आयटीवाला दुसरं काय करणार! माझं म्हणणं एवढंच की त्यातले जवळजवळ सगळे रकाने एकाच माणसाचे असतात. जो सकाळी गाडी पकडून जाणार, त्याचे. आणि गंमत म्हणजे तो माणूस त्या गावात राहणारच नसतो.

हिशोब करून बघा. आठवड्याचे १६८ तास. रोज आठ तास झोप धरली तर ५६ गेले, उरले जागेपणीचे ११२. पाचही दिवस हापीस आणि दाराबाहेर रोज अकरा तास, म्हणजे आणखी ५५ गेले. उरले ५७. त्यातले ३२ वीकांताचे. म्हणजे कामाच्या दिवशी हातात रोज पाच तास, आणि ते आंघोळ, जेवण, मुलाचा अभ्यास आणि सोफा यांत संपतात. जी व्यक्ती घरी आहे, तिचे सुरुवातीच्या महिन्यांत सगळेच्या सगळे ११२ त्या गावात जातात. अगदी साध्या लोकशाहीच्या नियमाने सुद्धा तिच्या मताला दुप्पट वजन हवं. प्रत्यक्षात बहुतेक घरांत तिला फोटो दाखवून "छान आहे ना?" एवढंच विचारलं जातं. (इथे मी 'ती' म्हणतोय कारण मला येणाऱ्या फोनांत अजून तरी तसंच असतं. उलटं असेल तर उलटं वाचा.)

हे मला लंडनला येऊन कळलं असं नाही, मी डोंबिवलीचा. आमचे बाबा पस्तीस वर्षं व्हीटीला गेले. सकाळची फास्ट, ठरलेला डबा, ठरलेली माणसं, त्यांचं भजनी मंडळ, त्यांचे वाढदिवस. बाबांचं खरं गाव म्हणजे तो डबा. डोंबिवलीत ते झोपायला येत. डोंबिवलीत राहिली ती आई. शाळा, भाजी, डॉक्टर, वाचनालय, गणपतीचं देऊळ, फडके रोडवरची दिवाळीची पहाट, सगळं पायी पंधरा मिनिटांच्या आत. त्या पंधरा मिनिटांच्या जोरावर तिने घर चालवलं, दोन मुलं वाढवली आणि शिकवण्याही घेतल्या. बाबा निवृत्त झाल्यावर त्यांना गावाची ओळख आईने करून दिली. हे अक्षरशः खरं आहे, त्यांना बँकेची नवी शाखा कुठल्या गल्लीत आहे तेही माहीत नव्हतं.

आता लंडनकडे येऊ. इथे गाडीच्या मिनिटांचा रकाना सगळ्यात फसवा. रेडिंगहून पॅडिंग्टन फास्ट गाडीने साधारण पंचवीस मिनिटं. सेंट ऑल्बन्सहून सेंट पँक्रास वीसेक मिनिटं. मिल्टन कीन्सहून यूस्टन अर्ध्या तासाच्या आसपास. नकाशावर मिल्टन कीन्स लांब दिसतं आणि घड्याळात जवळ. पण ही वेळ एका फलाटापासून दुसऱ्या फलाटापर्यंतची. घर ते स्टेशन आणि टर्मिनस ते हापीस धरलं की पंचवीसची सत्तर मिनिटं होतात. शिवाय एलिझाबेथ लाइन. मे २०२२ मध्ये तिचा मधला भुयारी भाग सुरू झाला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून रेडिंगची गाडी न बदलता थेट लंडनच्या पोटात जाऊ लागली. घरांच्या जाहिरातींत तिचं नाव मोठ्या अक्षरात असतं. मुंबईकराला एका वाक्यात सांगायचं तर ती स्लो लोकल आहे. ट्वायफर्ड, मेडनहेड, टॅप्लो, बर्नहॅम करत करत जाते. बसायला मिळतं, बदलावी लागत नाही, पण 'पंचवीस मिनिटं' ही ती नव्हे.

पासाचंही तसंच. वर्षाचा पास साधारण चाळीस आठवड्यांच्या पासांच्या किमतीत मिळतो, पण तो रोज जाणाऱ्याला परवडतो. जून २०२१ मध्ये फ्लेक्सी पास आला: २८ दिवसांत कुठलेही आठ दिवस. म्हणजे आठवड्याला दोन. हल्ली पुष्कळ कंपन्या तीन दिवस बोलावतात. तिथे फ्लेक्सी पुरत नाही आणि वर्षाचा पास अंगावर येतो. तेव्हा ऑफर लेटरमधला 'हायब्रिड' हा शब्द नक्की किती दिवसांचा, ते आधी विचारा आणि मग गाव बघा. असो. हे सगळं तुम्ही करालच, मला त्याची काळजी नाही.

मला काळजी असते दुसऱ्याच गोष्टीची. एका सहकाऱ्याने फार देखणं गाव घेतलं होतं. नाव सांगत नाही, पण दगडी पूल, बदकं, आणि हापीसच्या वेळेला लंडनची फास्ट गाडी. भाडंही बरं. बायको दंतवैद्य, नाशिकला स्वतःचं क्लिनिक होतं तिचं. मुलगी तीन वर्षांची. घर स्टेशनापासून दोन मैल, बस तासाला एक आणि शेवटची संध्याकाळी सहाची. त्याला त्रास नव्हता, तो गाडी स्टेशनावर लावून जायचा. ती घरात. भारतीय लायसन्सवर इथे राहायला आल्यापासून बारा महिनेच गाडी चालवता येते. पुढे इथली थिअरी, मग इथली प्रॅक्टिकल. आपलं लायसन्स नुसतं बदलून मिळत नाही आणि प्रॅक्टिकलच्या तारखांसाठी महिनोन्महिने थांबावं लागतं. तसंही घरातली एकुलती गाडी दिवसभर स्टेशनाच्या पार्किंगमध्ये. परदेशात शिकलेल्या दंतवैद्याला नोंदणीसाठी वेगळी परीक्षा द्यावी लागते, तिचा अभ्यास करायचा तर पोरीला कुठे ठेवायचं? चौदा महिन्यांनी ती 'उन्हाळ्यासाठी' नाशिकला गेली आणि तीन उन्हाळे तिथेच राहिली. भांडण नाही, तंटा नाही. दोघंही चांगली माणसं. फक्त गाव एकट्याचं होतं.

आमच्या घरी हा विषय निघाला तेव्हा बायकोने तक्त्यात एक रकाना वाढवला: "गाडी नसताना मला काय काय करता येईल?" ती फिजिओथेरपिस्ट. इथे एचसीपीसी या संस्थेकडे नोंदणी झाल्याशिवाय तो शब्द नावापुढे लावताच येत नाही. कॉलेजकडून अभ्यासक्रमाचे तपशील, जुन्या हॉस्पिटलची पत्रं, हे सगळं जमवण्यात आमचे आठ महिने गेले. त्या एका रकान्यावर तीन गावं बाद झाली आणि रेडिंग उरलं. तिथली बस कंपनी नगरपालिकेच्या मालकीची आहे आणि बस खरोखर येते. मोठं हॉस्पिटल गावात, विद्यापीठ गावात, ऑक्सफर्ड रोडला कोथिंबिरीपासून पोलिश लोणच्यापर्यंत सगळं. ते आठ महिने ती रोज बाहेर पडली, मुलाला ढकलगाडीत घालून. गावातल्या माझ्यापेक्षा दुप्पट लोकांना ती ओळखते.

शाळेबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथेच आपली मंडळी जास्त दमतात. पहिली गोष्ट, तक्त्यातला 'आउटस्टँडिंग' हा शेरा. ऑफस्टेडने सप्टेंबर २०२४ पासून सरकारी शाळांना असा एका शब्दातला शेरा देणं बंद केलंय. जाहिरातीत अजून दिसला तर तो जुना आहे, कधीकधी फारच जुना. दुसरी, पत्ता असल्याशिवाय बहुधा काही हलत नाही, आणि वर्षाच्या मध्ये आलात तर ज्या वर्गात जागा आहे ती शाळा मिळते. साधारण सात वर्षांपर्यंतच्या मुलांच्या वर्गात एका शिक्षकामागे तीसच मुलं, असा कायदाच आहे. एकतिसाव्याला चिठ्ठी आणून चालत नाही. दोन भावंडं दोन शाळांत, दोन्ही नऊच्या आत सुरू, ही कसरत कोण करणार? गाडी पकडणारा नक्कीच नाही. म्हणून मी म्हणतो, एका नावाजलेल्या शाळेच्या मागे लागून गाव घेऊ नका. पायी जाता येतील अशा तीन-चार बऱ्या शाळा असलेली वस्ती बघा. चार वर्षांच्या पोरासाठी ग्रामर स्कूलची अकराव्या वर्षाची परीक्षा डोक्यात धरून स्लाऊमध्ये घर शोधणारे बाप मी पाहिले आहेत. अरे, त्याला अजून बूट घालता येत नाहीत! (प्राथमिकच्या जागा दरवर्षी १६ एप्रिलला कळतात. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर-ठाणे गाडी धावली होती. काही संबंध नाही, पण मला दरवर्षी आठवतं.)

"पण दादा, आपली माणसं?" हा प्रश्न हमखास येतो आणि तो रास्त आहे. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचं, पण ते डॉलिस हिलला, वायव्य लंडनमध्ये. रेडिंगहून तिथे जायचं म्हणजे दिवस मोडतो. म्हणून काही जण वेम्बली-हॅरोच्या आसपासच हवं म्हणतात. कढीपत्त्यासाठी म्हणत असाल तर ते कारण आता उरलेलं नाही. माणसांसाठी म्हणत असाल तर आमच्या घरातलं मत सांगतो, माझं नव्हे: चालत जाता येईल अशी दोन मराठी घरं असली की पुरे. वर्षातून दोनदा भेटणाऱ्या दोनशेंपेक्षा ताप आल्यावर मूल सांभाळणारं एक घर मोलाचं. मी यात भर घालणार नाही, सांभाळून घेतलेलं मूल माझंच होतं.

आता तुमचा आक्षेप. "कमावणारा थकला तर सगळंच बसेल, त्याची सोय नको का बघायला?" जरूर बघा. पण कमावणारा एकच राहील हे आधीच का धरून चालता? स्किल्ड वर्करच्या जोडीदाराला इथे नोकरी करायची परवानगी असते. आणि नोकरी गेली, जी आपल्या धंद्यात कधीही जाते, तर नवा स्पॉन्सर शोधायला साधारणपणे साठ दिवस मिळतात. त्या साठ दिवसांत दुसरा पगार असणं म्हणजे काय, हे ज्यांच्यावर वेळ आली त्यांना विचारा. अशा वेळी गावात स्वतःच्या नोकऱ्या आहेत की ते नुसतं लंडनचं झोपायचं घर आहे, हा फरक कळतो. रेडिंग एके काळी बिअर, बिस्किटं आणि फुलांचे कंद यांसाठी प्रसिद्ध होतं. आज मायक्रोसॉफ्ट आणि ओरॅकल तिथे आहेत. मिल्टन कीन्सलाही स्वतःची हापिसं आहेत. २०२२ मध्ये त्याला 'सिटी'चा दर्जा मिळाला, रेडिंग मात्र कागदोपत्री अजून 'टाऊन'च आहे. अशा गावात नोकरी बदलली तरी घर आणि शाळा बदलावी लागत नाही. देखण्या बदकांच्या गावात बदलावी लागते.

भाड्याबद्दल काही लिहिलं नाही, कारण आकडे दर सहा महिन्यांनी बदलतात आणि ते तुम्ही माझ्याआधी शोधलेले असतात. काउन्सिल टॅक्स मात्र आकड्यात धरा. तो अजून १९९१ सालच्या घरांच्या किमतींवर ठरतो, आणि शेजारशेजारच्या दोन गावांतही चांगलाच फरक पडतो.

आणि गाव बघायला जाल तेव्हा जूनमधल्या रविवारी जाऊ नका. तेव्हा सगळीच गावं सुंदर दिसतात. पहिला महिनाभर तात्पुरत्या घरात असालच, तर नोव्हेंबरातल्या एखाद्या मंगळवारी, सकाळी अकरा वाजता, दोघंही जा. गाडी भाड्याने घेऊ नका, ढकलगाडी घ्या. दूध आणा, वाचनालय शोधा, डॉक्टरकडे नाव नोंदवायला काय लागतं ते विचारा, बागेत कोण बसलंय ते बघा. चारच्या सुमाराला अंधार पडायला लागेल. तेव्हा बसस्टॉपवर उभे राहा आणि पुढची बस किती वाजता आहे ते तिला वाचू द्या.