महामार्गालगतचे घर : निवड की सक्ती?

सायन–पनवेल महामार्गालगत, नेरूळ वा कामोठ्यात, घर घ्यावे की नाही, हा कामगार कुटुंबाच्या आवडीनिवडीचा प्रश्न म्हणून मांडला जातो. ही शुद्ध दिशाभूल आहे. निवासी भागात रात्री ४५ डेसिबलची मर्यादा २००० सालच्या नियमांनी घातली. अवजड वाहनांना ती कोण सांगणार? अशा घराची किंमत उतरली, तरी ती सवलत नव्हे. उरलेला हप्ता झोप आणि फुप्फुसे फेडतात. सिडकोच्या या शहरासाठी ९५ गावांच्या जमिनी 'सार्वजनिक हिता'च्या नावाने घेतल्या गेल्या. १९८४ साली उरणच्या लढ्यात पाच शेतकरी पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. त्याच भूमीवर श्रमिकाला शांत झोपही विकतच घ्यावी लागावी काय? ध्वनिरोधक भिंती आणि रस्त्यापासून दूर परवडणारी घरे, ही मागणी आता रेटलीच पाहिजे.