पत्रिका जुळली, रक्ताचं काय?

मागच्या वर्षी आपल्या एनएसएसच्या कॅम्पमध्ये सिकलसेलची टेस्ट होती, आठवतं? रक्तगट तपासायला ही मोठी लाईन आणि शेजारच्या सिकलसेलच्या टेबलावर शुकशुकाट! "तो तर आदिवासींचा आजार," म्हणून अर्धा वर्ग कँटीनला पळाला. विदर्भात हा आजार अनुसूचित जाती आणि ओबीसी समाजातही आहे, हे कोणाच्या गावी नव्हतं. मी बसलो, तेही लाईन नव्हती म्हणून!

बोटातून थोडं रक्त घेऊन द्रावणात टाकतात. ट्यूबमागच्या रेघा स्वच्छ दिसल्या तर निगेटिव्ह. माझं द्रावण गढूळ झालं. पण वाहक की रुग्ण, हे यातून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस करावं लागतं. आठ दिवसांनी रिपोर्ट आला : 'ए-एस', म्हणजे वाहक. मला कसलाही त्रास नाही, रोज फुटबॉल खेळतो.

घरी फोन केला तर आई म्हणाली, "कोनाले सांगू नोको बाप्पा, ताईचं जमून राहिलं."

इथेच खरी गोम आहे! मी वाहक म्हणजे आई-बाबांपैकी निदान एक जण वाहक असणार, आणि ताईही असू शकते. पण हिशेब तर साधा आहे. वाहकाचं लग्न 'ए-ए' व्यक्तीशी झालं तर एकही मूल रुग्ण होत नाही. दोघंही वाहक असले तर मात्र प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता. प्रत्येक! पहिलं मूल ठणठणीत निघालं म्हणून दुसऱ्याला सूट नाही. आणि त्या मुलाच्या वाट्याला काय येतं? विळ्यासारख्या वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं-सांधे असह्य ठणकतात, जन्मभर पुन्हापुन्हा.

ताईनेच हिंमत केली. टेस्ट केली, तीही 'ए-एस'. तिने मुलाला स्वतः सांगितलं. तिकडचे चार दिवस गप्प! मग त्याने टेस्ट केली, 'ए-ए' निघाला. लग्न झालं.

या आजाराचं मूळ हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे हे १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. पॉलिंगची पहिली पदवी केमिकल इंजिनीअरिंगची, म्हणजे आपल्यातलाच! १ जुलै २०२३ ला शहडोलहून राष्ट्रीय मिशन सुरू झालं. चाळीशीपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी हे त्याचं लक्ष्य. पण मिळालेलं कार्ड कपाटात लपवलं तर मिशन काय करणार?

माझं म्हणणं एवढंच : ॲडमिशनच्या मेडिकलसोबत ही टेस्ट सगळ्यांची व्हावी, जात न विचारता. रिपोर्ट मात्र ज्याचा त्याच्या हातात, नोटीस बोर्डावर नाही. आणि लग्नाआधी छत्तीस गुण बघा हवे तर, पण रक्ताचा रिपोर्ट पहिला बघा.

मी माझा सांगितला. तुमचा तुम्हाला माहीत आहे का?