तळ्यात 'कोई' है?

मुख्य इमारतीसमोरचं कोई माशांचं तळं तुम्ही बघितलंय? 'हो' म्हणाल. पण त्यातले मासे शेवटचे कधी दिसले? आता बोला!

झालं असं. गेल्या वर्षी इन्स्पेक्शन कमिटी येणार म्हणून तळ्याचं सुशोभीकरण निघालं. झटपट हिरवं काय दिसेल? जलपर्णी! आठ-दहा रोपं सोडली. कमिटी आली, चहा-बिस्किटं खाऊन गेली. जलपर्णी मात्र इथेच राहिली. मूळची दक्षिण अमेरिकेतली ही पाहुणी, हवामान मानवलं की दोनेक आठवड्यांत दुप्पट होते. (जी.पी. शिकलात ना? करा हिशोब!) एप्रिलमध्ये पाणी दिसेनासं झालं आणि एका सकाळी चार मासे उताणे तरंगताना सापडले.

'कुणीतरी विष टाकलं' अशी अफवा कॅन्टीनभर पसरली. माळीमामा मात्र शांतपणे म्हणाले, "विष-बिष काही नाही रे पोरा. पहाटे मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करत होते. श्वास कोंडला त्यांचा."

मामांकडे डिग्री नाही, पण निदान अचूक होतं. २० अंश सेल्सिअसला लिटरभर पाण्यात जेमतेम ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३० अंशांना साडेसातच. जलपर्णीची पानं पाण्याबाहेर, म्हणजे तिचा ऑक्सिजन जातो हवेत. वर तिचंच झाकण, त्यामुळे हवा पाण्यात मिसळणार कशी? रात्री पाण्यातल्या वनस्पतीही ऑक्सिजनच घेतात. त्यात वीज वाचवायला कारंजं संध्याकाळी सहाला बंद! पहाटे माशांना उरणार काय?

म्हणून झाडंच नकोत, असं माझं मत अजिबात नाही. झाडं सावली देतात, शेवाळं कमी ठेवतात आणि माशांच्या विष्ठेतून तयार होणारं नायट्रेट शोषून घेतात. फक्त ती पाहुण्यांसाठी नाही, माशांसाठी लावा, एवढंच म्हणणं.

कोई ही कार्प जातीची. तळ उकरणं हा तिचा जन्मसिद्ध हक्क! तळाच्या मातीत काही लावलं तर रोप उपटणार आणि पाणी गढूळ होणार. त्यामुळे कुमुदिनी रुंद कुंडीत लावून वर मोठे गुळगुळीत दगड ठेवावेत. कारंज्याचे शिंतोडे तिला सोसत नाहीत, म्हणून ती लांबच्या, उन्हाच्या कोपऱ्यात. पानांनी फार तर अर्धं पाणी झाकावं, बाकी मोकळं. कर्दळ आणि वेखंड तळ्यात नकोतच. शेजारी खडीचा उथळ वाफा करून त्यात लावावेत आणि पंपाचं पाणी त्यातून फिरवून परत सोडावं. फिल्टरचा फिल्टर, बागेची बाग! काठावर पानगळीचं मोठं झाड नको, कारण कुजणारी पानंही ऑक्सिजन खातात. विषारी कण्हेर तर नकोच नको. कीटकनाशकाचा फवाराही तळ्यापासून लांब.

आणि काढलेली जलपर्णी कृपा करून नदीत टाकू नका. पंचगंगेचं आणि मुळा-मुठेचं काय झालं ते बघतोच आहोत. पाण्यापासून दूर वाळवून तिचं खत करा.

जपानमधल्या निइगाता भागातल्या शेतकऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात खाण्यासाठी पाळलेल्या साध्या कार्पमधून हे रंग निवडून निवडून वाढवले. पिढ्यान्‌पिढ्यांची ती मेहनत आपण एका कमिटीपायी उताणी पाडली.

यंदा पुन्हा कमिटी येणार म्हणे. मग खडीचा वाफा सिव्हिलवाल्यांनी बांधावा, पंप मेकॅनिकलवाल्यांनी बसवावा आणि तो रात्रभर चालू राहील हे इलेक्ट्रिकलवाल्यांनी बघावं. सबमिशनच्या फायली कॉपी करण्यापेक्षा हे प्रोजेक्ट नक्कीच खरं. फक्त रोपं आणण्याआधी एकदा मामांना विचारा. उरलेले मासे अजून जिवंत आहेत ते त्यांच्यामुळेच. त्या सकाळपासून रोज पहाटे येऊन कारंजं तेच सुरू करतात, कुणीही सांगितलेलं नसताना.